हमीदा बानूची कुस्ती आणि आपला निकाल

कुस्ती मैदानात दोन-चार मिनिटांत संपते. तिची चर्चा मात्र आठवडाभर चालते. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावची जत्रा घ्या. फड संपतो, हलगी थांबते, बक्षिसाची रक्कम खिशात घालून पैलवान गावी जातात, आणि मग चहाच्या गाड्यावर, सलूनमध्ये, बाजारच्या दिवशी पालावर खऱ्या कुस्त्या सुरू होतात. पाठ टेकली होती की नव्हती? पंचांनी शिट्टी आधी मारली की मागून? डाव बसला होता की समोरचाच सैल सुटला? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून विचारला जाणारा प्रश्न : कुस्ती खरी होती की नुरा?

'नुरा' हा शब्द शहरातल्या तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल. नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून लढलेली कुस्ती. कुणी पडायचं, किती वेळानं पडायचं, की बरोबरीत सोडवायची, हे मातीत उतरण्याआधीच पक्कं झालेलं असतं. लाल मातीवर जीव टाकणारा आपला प्रेक्षक एक वेळ पराभव सहन करील, पण नुरा कुस्ती त्याला खपत नाही. आपली फसवणूक झाली असं त्याला वाटतं, आणि ते चूक नाही.

मी बरीच वर्षं जिल्ह्यातल्या फडांचे निकाल वर्तमानपत्राला लिहून पाठवत होतो. जोड कुणाची, वस्ताद कोण, इनाम किती, डाव कोणता, वेळ किती लागला, एवढं चार-पाच ओळींत बसवायचं. त्या कामामुळं एक सवय लागली. कुठल्याही कुस्तीची बातमी वाचली की मी आधी पाहतो, लिहिणाऱ्यानं कुस्ती पाहिली होती का? आणि पाहिली असेल, तर नेमकं काय पाहिलं?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिथं माती विभागात आमच्याच जिल्ह्यातले दोन मल्ल समोरासमोर आले. मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. डाव पूर्ण झाला होता की नव्हता, सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेला होता की नव्हता, यावर मोबाईलवर तीच चित्रफीत शंभरदा पाहून लोक भांडले. पुढं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या स्पर्धेत सिकंदरनं मानाची गदा जिंकली, तेव्हा कुठं ते वातावरण निवळलं. म्हणजे चार बाजूंनी कॅमेरे, संथ गतीची दृश्यं आणि हजारो साक्षीदार असूनही एका डावाचा निकाल आपल्याला एकमतानं लावता आला नाही. मग सत्तर वर्षांपूर्वीच्या एका कुस्तीचा निकाल कसा लावायचा, जिची साक्ष म्हणून वर्तमानपत्रातल्या काही ओळीच काय त्या उरल्या आहेत? आणि त्यातही एका बाजूला पुरुष पैलवान आणि दुसऱ्या बाजूला एक स्त्री असेल तर?

ती स्त्री म्हणजे हमीदा बानू. ४ मे २०२४ रोजी गूगलनं आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र झळकवलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातला, उत्तर प्रदेशातला. पैलवानकीचं घराणं. सलाम पैलवान नावाच्या वस्तादाच्या हाताखाली त्या अलीगढला तयार झाल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांना 'अलीगढची वीरांगना' करून टाकलं. १९४० आणि १९५० च्या दशकांत त्यांच्या नावावर तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याची नोंद सांगितली जाते. उर्दूतल्या थोर लेखिका कुर्रतुलऐन हैदर यांच्या 'दालानवाला' या कथेतही त्यांचा उल्लेख येतो. एखादं नाव कथेत सहज येतं, याचा अर्थ ते घराघरांत पोचलेलं असतं.

मुंबईशी त्यांचं नातं जुनं. १९४४ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल'नं बातमी दिली होती, की हमीदा बानू आणि गुंगा पैलवान यांची कुस्ती पाहायला वीस हजारांपर्यंत लोक जमले. ही कुस्ती झालीच नाही. गुंगा पैलवानानं ऐन वेळी जादा पैसे आणि तयारीसाठी जादा वेळ मागितला, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाची मोडतोड केली. ही बातमी लक्षात ठेवण्यासारखी आहे. दहा वर्षांनी हमीदा बानूंच्या बाबतीत जे प्रश्न उभे राहिले, त्यांची सगळी पात्रं यात आधीच हजर आहेत : तिकीट विकणारा आयोजक, मागं हटणारा पुरुष पैलवान, खवळलेला प्रेक्षक आणि मधे एकटी उभी असलेली बाई.

१९५४ साल हे त्यांच्या नावाचं साल. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी जाहीर आव्हान दिलं, की जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक अशा दोन नामवंतांना त्यांनी पाडलं. मे महिन्यात त्या बडोद्याला गेल्या. तिथं छोटा गामा पैलवानाशी जोड ठरली होती, पण बाईशी लढणार नाही असं सांगून तो ऐन वेळी बाजूला झाला. मग बाबा पैलवान उतरला. कुस्ती एक मिनिट चौतीस सेकंदांत संपली. बाबा पैलवानानं ही आपली शेवटची कुस्ती असल्याचं जाहीर करून टाकलं. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी रशियाची अस्वलीण म्हणून गाजवलेल्या व्हेरा चिस्टिलिन या स्त्री मल्लाला मिनिटभराच्या आत पाडलं.

आता मी माझ्या सवयीप्रमाणं या बातम्या वाचतो. त्यांची उंची कळते : पाच फूट तीन इंच. वजन कळतं : १०८ किलो. खुराक तर इतका तपशीलवार कळतो की दुकानदाराची यादी वाटावी. रोज साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, तेवढेच बदाम, अर्ध्या किलोच्या आसपास लोणी, सहा अंडी, दोन मोठ्या रोट्या आणि दोन प्लेट बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास मेहनत. लग्नाची अट तर प्रत्येक बातमीत येते. बाबा पैलवान हरला तेव्हा तो आता लग्नाच्या शर्यतीतून बाद, अशीही कोटी पंचांच्या नावानं छापून आली.

पण माझ्या वाचनात आलेल्या या मजकुरात एक गोष्ट सापडत नाही. बाबा पैलवान कोणत्या डावावर पडला? ढाक लावली, की घिस्सा मारला, की नुसत्या वजनानं दाबून चीत केला? त्या चौऱ्याण्णव सेकंदांत पहिली पकड कुणाची होती? हमीदा बानू उजव्या अंगानं लढत की डाव्या? त्यांचा हुकमी डाव कोणता? कुठल्याही नावाजलेल्या पुरुष पैलवानाबद्दल या गोष्टी आपल्याला आजही तोंडपाठ असतात. अमक्याची ढाक, तमक्याची कलाजंग, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. हमीदा बानूंची बिर्याणी आपल्याला माहीत आहे, त्यांचा डाव माहीत नाही. पाहायला आलेल्यांनी बाई पाहिली, कुस्ती पाहिली नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात या. पुण्यात रामचंद्र साळुंखे या मल्लाशी त्यांची कुस्ती ठरली होती. कुस्तीच्या स्थानिक संघटनेनं हरकत घेतली आणि ती रद्द झाली. कोल्हापुरात त्यांनी शोभासिंग पंजाबी या पुरुष मल्लाला पाडलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगडफेक केली. पोलिसांना मधे पडावं लागलं. लोकांचं म्हणणं होतं, की ही कुस्ती म्हणजे थट्टा आहे. क्रीडा इतिहासाचे अभ्यासक रणजय सेन यांनी हे प्रसंग नोंदवून ठेवले आहेत.

कोल्हापूर म्हणजे काही कुस्ती न कळणारं गाव नव्हे. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये खासबागचं मैदान तयार झालं, ते केवळ कुस्तीसाठी. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारताला कुस्तीचं ब्राँझपदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे असले, तरी त्यांची घडण कोल्हापूरच्याच मातीतली. अशा शहरातल्या प्रेक्षकानं दगड उचलला, तर तो कशासाठी? बाईनं पुरुषाला पाडलं हे सहन झालं नाही म्हणून, की समोर चाललेली कुस्ती नुरा आहे हे त्याच्या कसलेल्या डोळ्याला कळलं म्हणून?

हमीदा बानूंनी अखेर मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडं दाद मागितली. माझ्या कुस्त्यांवर बंदी का, अशी ती तक्रार होती. देसाईंचं उत्तर असं, की त्या स्त्री आहेत म्हणून कुस्त्या थांबवलेल्या नाहीत. आयोजक त्यांच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, म्हणून थांबवल्या आहेत.

हे उत्तर मी अनेकदा वाचलं आहे. वरवर पाहता ते न्यायाचं आहे. लोकांची फसवणूक होत असेल तर सरकारनं हस्तक्षेप करावा, यात गैर काय? मलाही नुरा कुस्तीचा तिटकारा आहे. आणि खरं सांगायचं तर, हमीदा बानूंच्या सगळ्याच कुस्त्या जिवाच्या करारानं झाल्या असतील असं मी छातीठोकपणं म्हणणार नाही. जिथं तिकीट लागतं, जिथं आयोजकाला पुढच्या गावी पुन्हा तोच खेळ लावायचा असतो, तिथं ठरवाठरवी शिरतेच. पण त्या उत्तराला दोन प्रतिप्रश्न विचारावे लागतात.

पहिला असा : गुन्हा आयोजकाचा, मग शिक्षा कुणाला? नकली पैलवान उभा करणारा आयोजक दुसऱ्या दिवशी दुसरी जोड लावून मोकळा होतो. ज्या बाईनं आयुष्यभर जोर-बैठका काढून देह कमावला, तिचं मात्र मैदानच जातं. त्या काळात तिच्याशी लढू शकतील अशा स्त्रिया आपल्याकडं तालमीत होत्याच कुठं? बाईनं आखाड्याची पायरी चढू नये हाच दंडक होता. बायकांशी लढायला बायका नाहीत, पुरुषांनी लढलं तर संघटनेची हरकत, कुणी लढून हरला तर तो नकली. अशी तिहेरी कोंडी झाल्यावर खऱ्या कुस्तीला वाट उरते कुठं?

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. त्याच वर्षांत मुंबईत 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांचा बाजार जोरात होता. किंगकाँग, दारासिंग ही नावं आमच्या पिढीनं लहानपणी मारुती-भीमाच्या बरोबरीनं ऐकली. त्या कुस्त्यांतही किती खरं आणि किती नाटक, याची कुजबुज होतीच. जाणते वस्ताद त्यांना कुस्ती म्हणायलाच तयार नसत. तरी ते मैदान वर्षानुवर्षं गाजत राहिलं. दारासिंग यांना तर लोकांनी डोक्यावर घेतलं, पडद्यावर नेलं, पुढं ते राज्यसभेतही गेले. मी दारासिंग यांचा मान कमी करत नाही. ते अव्वल मल्ल होतेच. माझं म्हणणं एवढंच, की पुरुषाच्या कुस्तीत नाटक मिसळलेलं चाललं, त्याला आपण करमणूक म्हटलं; बाईच्या कुस्तीत त्याचा नुसता संशय आला, तर तिला आपण फसवणूक म्हटलं.

आता थोडं लांब, जपानला जाऊ. कारण त्याच १९५४ मध्ये तिकडं एक गंमत घडली, आणि तिच्याकडं पाहिल्यावर आपल्याकडं काय घडू शकलं असतं याचा अंदाज येतो.

अमेरिकेत मिल्ड्रेड बर्क नावाची एक स्त्री मल्ल होती. हमीदा बानूंसारखीच तिची सुरुवात. १९३० च्या दशकात जत्रेतल्या तंबूतून ती पुरुषांना आव्हान देत गावोगाव फिरली. पुढं ती स्त्रियांमधली विश्वविजेती म्हणून गाजली. ऑगस्ट १९५४ मध्ये अटलांटा शहरात जून बायर्स हिच्याशी तिची लढत झाली. तीनपैकी दोन डाव जिंकणारी विजेती, असा नियम. पहिला डाव बायर्सनं घेतला. दुसरा निकालाविना थांबवला गेला. मी दोन डाव हरलेच नाही, तेव्हा किताब माझाच, असं बर्कचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी आणि संघटकांनी मात्र बायर्सला विजेती ठरवलं. म्हणजे बघा, तिकडंही कुस्तीचा निकाल मैदानावर कमी आणि छापखान्यात जास्त लागला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९५४ मध्ये, बर्क आपल्याबरोबर काही अमेरिकी स्त्री मल्ल घेऊन जपानला गेली. महायुद्धात होरपळलेला तो देश तेव्हा रिकिडोझान या पुरुष मल्लाच्या कुस्त्यांनी भारावला होता. आपल्या मुंबईकरांच्या ओळखीचा किंगकाँगही १९५५ मध्ये त्याच्याशी लढायला जपानला गेला होता. बर्कच्या दौऱ्यानं तिथल्या स्त्रियांच्या धंदेवाईक कुस्तीला चालना मिळाली. मधल्या काळात ती कशीबशी तगून राहिली, आणि १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी 'ऑल जपान विमेन्स' ही संस्था काढली. बर्कच्या किताबाचा पट्टा पुढं याच संस्थेतला सर्वांत मानाचा लाल पट्टा झाला. अमेरिकेत छापखान्यानं जिला हरवलं, तिचा वारसा समुद्रापलीकडं जिवंत राहिला.

या जपानी कुस्त्या आपल्या अर्थानं नुराच असतात. निकाल आधी ठरलेला असतो, आणि हे मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मग लोक काय पाहायला जातात? तर ती कशी लढते, हे पाहायला. आपण संगीत नाटकाला जातो, तेव्हा 'सौभद्र'मध्ये सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार हे आपल्याला ठाऊक असतंच. तरी आपण पद कसं रंगतं ते ऐकायला बसतो, तसं. तिथल्या कुस्तीवर लिहिणारे लोक एकेका लढतीला तारे देतात. पाच तारे म्हणजे सर्वोत्तम. पकडीत सफाई किती, दमसास किती, उडी घेताना धोका किती पत्करला, हरणारीनं हरताना जिंकणारीला किती मोठं केलं, हे सगळं त्यात मोजलं जातं. मे १९९५ मध्ये मनामी टोयोटा आणि क्योको इनोउए या दोघी पूर्ण साठ मिनिटं लढल्या आणि कुस्ती बरोबरीत सुटली. ती लढत आजही जाणकार मिनिटामिनिटाच्या हिशेबानं सांगतात.

आणखी एक फरक फार मोलाचा. १९७० च्या दशकात 'ब्युटी पेअर' आणि १९८० च्या दशकात 'क्रश गॅल्स' या जोड्या तिथं सिनेमातल्या नट्यांइतक्या लोकप्रिय झाल्या. त्या मैदानात गाणीही गात. त्यांच्या कुस्त्या फुजी टीव्हीवर दिसत, आणि मैदान भरत असे ते मुख्यतः शाळकरी मुलींनी. ऑगस्ट १९८५ मध्ये ओसाका शहरात 'क्रश गॅल्स'पैकी चिगुसा नागायो ही डम्प मात्सुमोटोकडून हरली. हरेल तिचं मुंडण, अशी अट होती. चिगुसाचे केस भर मैदानात उतरवले गेले, तेव्हा प्रेक्षकांतल्या मुली हुंदके देऊन रडत होत्या. त्या मुली एका बाईकडं तमाशा म्हणून पाहत नव्हत्या. तिच्यात स्वतःला पाहत होत्या. हमीदा बानूंच्या फडाभोवती अशा मुली असत्या तर? आपल्या फडाला तर परवापरवापर्यंत बायका फिरकतही नव्हत्या. सगळा निकाल पुरुषांच्या डोळ्यांनी, पुरुषांच्या तोंडी आणि पुरुषांच्या हातच्या दगडांनी लागत होता.

जपानमध्ये सगळं गोडच होतं असं मात्र समजू नका. त्या संस्थेत मुलींना दारू, सिगारेट आणि प्रेमप्रकरण या तिन्ही गोष्टींना बंदी असे. पंचविशी-सव्विशी आली की निवृत्त व्हावं लागे. अंगावर उड्या झेलून मानेची, गुडघ्यांची वाट लागे. लोकप्रियता ओसरली आणि २००५ मध्ये ती संस्थाच बंद पडली. आणि मे २०२० मध्ये हाना किमुरा या अवघ्या बावीस वर्षांच्या मल्लानं, दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमावरून समाजमाध्यमांवर झालेली विखारी शेरेबाजी असह्य होऊन जीवन संपवलं. कोल्हापुरात दगड होते, आता शब्द आहेत. लागायचे ते लागतातच.

हमीदा बानूंचं पुढं काय झालं? चिस्टिलिनवरच्या विजयानंतर आपण युरोपात जाऊन लढणार, असं त्यांनी जाहीर केलं. पण त्या गेल्या नाहीत, आणि त्यानंतर मैदानातून त्यांचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. त्यांच्या नातवानं अलीकडं बीबीसीला सांगितलं, की त्यांनी युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानानं त्यांना मारहाण केली, त्यात त्यांचे हात मोडले. शेजारच्या एकानं पाय मोडल्याचंही सांगितलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्या काठीच्या आधाराशिवाय चालू शकत नव्हत्या म्हणे. सांगणारे घरातले आणि शेजारचे आहेत, एवढीच त्याची साक्ष. पण पुढची वर्षं निश्चित आहेत. त्या मुंबईजवळ कल्याणला राहिल्या. म्हशी पाळल्या, दूध विकलं. हात आखडता झाला तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. १९८६ मध्ये त्या वारल्या. जिच्या रोजच्या साडेपाच लिटर दुधाची बातमी होत होती, ती दूध विकून जगली आणि त्याची बातमी झाली नाही.

त्यानंतर काळ बदलला. १९८७ मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा नॉर्वेत झाली. २००४ मध्ये अथेन्सला स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, आणि तिथं सर्वांत जास्त दबदबा राहिला तो जपानचाच. काओरी इचोनं लागोपाठ चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली, साओरी योशिदानं तीन. ही मात्र गुणांची, घड्याळाची, निखळ कुस्ती. तिथं ठरवाठरवीला जागा नाही. आपल्याकडं गीता फोगटनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, साक्षी मलिकनं २०१६ मध्ये रिओला ब्राँझ. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगटनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं. सुसाकी तोवर आंतरराष्ट्रीय मैदानात ब्याऐंशी कुस्त्या न हरलेली होती. अंतिम फेरीच्या सकाळी विनेशचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली, हे आपल्या सगळ्यांना लागलेलं आहे. पण त्या उपांत्यपूर्व... नव्हे, पहिल्याच फेरीतल्या शेवटच्या क्षणांतला तिचा डाव कुणालाही नाकारता येणार नाही, कारण तो साऱ्या जगानं पाहिला आहे.

आणि महाराष्ट्रात? १९६१ पासून पुरुषांची महाराष्ट्र केसरी होत आली. स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं चांदीची गदा जिंकली. अंतिम लढतीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, गाव कल्याण. ज्या कल्याणमध्ये हमीदा बानूंनी म्हशी राखल्या, त्याच कल्याणची मुलगी राज्याच्या अंतिम कुस्तीला मानानं उतरली आणि तिच्यावर कुणी दगड फेकला नाही. बासष्ट वर्षांचा उशीर झाला, पण झालं.

आमच्या भागातल्या फडांतही आता मुलींच्या कुस्त्या लागतात. रेवड्यांवरच्या लहान पोरांच्या कुस्त्या संपल्या की मोठ्या जोडी सुरू होण्याआधी दोन-चार मुलींच्या जोडी सोडतात. बाप खांद्यावर टॉवेल टाकून कडेला उभा असतो, कधी आईही असते. मुली सलामी देतात, माती अंगाला लावतात आणि जीव तोडून लढतात. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं तर पुरुषांच्या पंधरा जोडींची नावं, गावं, डाव आणि शेवटी एक ओळ असते : 'मुलींच्याही चटकदार कुस्त्या झाल्या.' बस्स.

ही ओळ वाचली की मला बडोद्याचे ते चौऱ्याण्णव सेकंद आठवतात. कोल्हापुरातली हमीदा बानूंची कुस्ती खरी होती की नुरा, हे आज कुणीच छातीठोकपणं सांगू शकणार नाही. ते सांगता येत नाही, कारण ज्यांनी पाहिली त्यांनी ती लिहिली नाही. मोरारजींच्या उत्तरातला संशय तेवढा टिकला. तो खोडून काढायला किंवा पक्का करायला लागणारा पुरावा कुणी जपला नाही. पुरुष पैलवानावर नुरा कुस्तीचा आळ आला, तर त्याच्या बाजूनं त्याचे शंभर डाव बोलतात. हमीदा बानूंच्या बाजूनं बोलायला त्यांचा एकही डाव शिल्लक नाही.

म्हणून फडांच्या बातम्या लिहिणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना, माईक धरणाऱ्या निवेदकांना आणि यात्रा कमिटीच्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. मुलीची कुस्ती चांगली असेल तर चांगली लिहा, ढिली असेल तर ढिली लिहा. ठरवून सोडवली असेल तर तसंही लिहा, भीड धरू नका. पण ती पाहून लिहा. मुलीचं नाव लिहा, गाव लिहा, वस्तादाचं नाव लिहा. डाव कोणता आणि मिनिटं किती, हे लिहा. ती काय खाते आणि तिचं लग्न कधी आहे, हे विचारू नका. दोन ओळी जास्त लागतील. पुढं कधी कुणी तिच्या कुस्तीवर बोट ठेवलं, तर त्या दोन ओळी तिच्या कामी येतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)